आज घाट चढू नको

आमचा अभिनव एका जागी शांत बसल्याचे प्रसंग मला दोनच ठाऊक आहेत. पहिला आमच्या लग्नातला, आणि तिथेही भटजी दोनदा म्हणाले होते, "अहो, पाय हलवू नका, समया पडतील." दुसरा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला नाही. तोच सांगायचाय.

हा माणूस हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही राहतो वारज्यात. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे मी शब्द वाया घालवत नाही असं लोक म्हणतात. लोक आणखीही काही म्हणतात, ते जाऊ दे. अभिनव मूळचा वाशीमकडचा. तिकडे विहीर पाणी शेंदायला असते, उड्या मारायला नाही, त्यामुळे तिशी जवळ येईपर्यंत याला पोहता येत नव्हतं. मग कंपनीची सहल मालवणला गेली, तिथे कुणीतरी याला पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेलं, आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला तो गेलाच. आधी डाइव्ह, मग पाण्याखालचा कॅमेरा, मग त्या कॅमेऱ्याचा जलरोधक डबा, जो कॅमेऱ्याहून महाग.

एवढ्यावर थांबला असता तर तो अभिनव कसला! त्याने "खालच्या बातम्या" काढल्या. दर गुरुवारी मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करायचं आणि डाइव्ह करणाऱ्या मराठी मंडळींना पाठवायचं. मालवणला पाणी सध्या किती स्वच्छ आहे, कुठल्या फोटोस्पर्धेची मुदत संपत आलीय, कुणी चांगल्या फोटोसाठी पोवळ्यावर पाय रोवला म्हणून त्याचं बक्षीस काढून घेतलं, असलं सगळं. ऐकणारे पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे. समुद्राकाठची माणसं असलं ऐकत नाहीत, ती मासे खातात.

गुरुवारच का, तर त्या दिवशी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारचा टीव्ही बंद, म्हणून आवाज स्वच्छ येतो. गुरुवारी पाणीही येत नाही. मी आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या आणि याने त्यातल्या एकीत आपला रिकामा डबा बुडवायचा. आत टिशू पेपर घालून. डब्याच्या रबरी कड्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं म्हणे, आणि शिरलं की कॅमेरा गेला. म्हणून आधी कागद बुडवून बघायचा.

"पाणी जपून वापरायच्या दिवशीच सुचतं का रे तुला?" मी विचारायची.

"पाणी कुठे वापरतोय? फक्त त्यात ठेवलंय," हा म्हणायचा. बोलताना एक पाय हलत असायचा.

सासरे गेल्यावर माझ्या सासूबाई, यमुनाबाई, गावचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. बाल्कनीच्या दाराशी त्यांची खाट. तिथे पडून त्या दर गुरुवारी सगळ्या बातम्या ऐकायच्या. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. अभिनव ज्याच्यामागे हात धुऊन लागला होता तो प्राणी म्हणजे समुद्रातली, पाठीवर शंख नसलेली, रंगीबेरंगी गोगलगाय. नखाएवढी असते. हे आईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"आपल्या सोयाबीनची गोगलगायीनं पार वाट लावली," त्या मला म्हणाल्या, "अन् हे पोट्टं तिचे फोटो काढाले समुद्रात जाते. काय म्हणावं याले!"

प्रत्येक वेळी बातम्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "आणि मंडळी, डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस घाट चढू नका." ते कानावर पडलं की आई खाटेवरून उठायच्या. "झालं का घाटाचं? मंग जेवाले बसा."

घाटाचं सांगते. खोल पाण्यात टाकीतली हवा घेतली की त्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच माणूस उंचावर गेला, तर गोटी सोडा फोडल्यावर उठतात तसे बुडबुडे अंगात उठतात. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण मालवणहून पुण्याला येताना मध्ये घाट आहे आणि पुणं स्वतःच उंचावर आहे, हे रविवारी डाइव्ह करून सोमवारी हिंजवडी गाठणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही. पुणेकर इतरांपेक्षा उंचावर असतात हे आम्ही पेठेतले जन्मापासून मानत आलोय. त्याला वैद्यकीय आधार आहे, हे मला अभिनवकडून कळलं.

मी चेष्टा करायची, पण सुदर्शनचं झालं तेव्हा चेष्टा संपली. सुदर्शन याच्याच ऑफिसातला. सोमवारच्या सकाळच्या मीटिंगसाठी रविवारी संध्याकाळीच घाट चढला. साताऱ्यापर्यंत डावा हात बधिर. दाबाच्या बंद खोलीत दिवस दिवस ठेवून जीव वाचवला, पण त्या हाताने त्याला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही. त्याच्या घरून आल्यावर अभिनव घरभर येरझाऱ्या घालत होता. "बटण गं! साधं बटण!"

गेल्या माघातली गोष्ट. अभिनव शुक्रवारी मालवणला गेला, मंगळवारी परतणार होता. रविवारी दुपारी जेवण झालं आणि आई म्हणाल्या, छातीवर कोणी पाटा ठेवल्यावानी होते. घामाने लुगडं भिजलं. खालच्या मजल्यावरच्या मकसूदभाईंनी गाडी काढली आणि आम्ही इस्पितळात पोहोचलो. हार्ट अॅटॅक. मोठा. डॉक्टर म्हणाले, हृदयाची बंद झालेली नळी लगेच उघडावी लागेल, सही करा. मी सही केली आणि बाहेर येऊन फोन हातात घेतला, तर तोच वाजला.

"कल्याणी! मिळाली! जांभळी, पिवळ्या कडेची, अगं ती अंडी घालत होती! असा फोटो आपल्याकडच्या पाण्यात कुणी..."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. पण मागे बोटीचं इंजिन ऐकू येत होतं.

"वर कधी आलास?" मी विचारलं.

"आत्ता! अजून अंग पुसलं नाही. आजची तिसरी."

मी भिंतीला टेकले. हा माणूस सिग्नलला थांबत नाही. आई इस्पितळात आहे म्हटलं की ओल्या अंगाने गाडीत बसेल आणि अंधार पडायच्या आत घाट चढेल. न सांगावं आणि आईंचं काही बरंवाईट झालं, तर? आणि सांगावं आणि याचंच झालं, तर? देवा, असा पेच शत्रूलाही नको. मी म्हटलं, "थांब हं, आईंना देते," आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. काय बोलून बसले!

आईंना आत न्यायची तयारी चालली होती. मी वाकून हळूच विचारलं, "अभिनवचा फोन आहे. काय सांगू? तो आत्ताच पाण्यातून वर आलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाकावरची ऑक्सिजनची नळी हाताने बाजूला केली. सिस्टर ओरडली, तिच्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. "दे मले. काही सांगू नको त्याले."

"हाव रे, मीच हाय," त्या म्हणाल्या. आवाज इतका नेहमीचा की मी बघतच राहिले. "सापडली का तुही गोगलगाय? कोन्या रंगाची? जांभळी! मायबाई. आपल्या वावरातल्या तं मातीच्या रंगाच्या राह्यत. खाते काय ते?"

हा पाण्यात जायला लागल्यापासूनच्या आठ वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. अभिनव पलीकडून भडाभडा बोलत होता, मला इथवर ऐकू येत होतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये "हाव" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "अन् पाह्य, आज घाट चढू नको बाप्पा. निवांत ये. मी कुठी जाते?"

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी मान वळवली. त्यांना आत नेलं.

नळी उघडली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ दे. ती गेली कशी ते माझं मला ठाऊक. अभिनवने आणखी तीनदा फोन केला, फोटो पाठवला, "आईला दाखव" म्हणाला. मी म्हटलं, झोपल्यात. सकाळी आईंनी चहा मागितला. दोन चमचे द्या, डॉक्टर म्हणाले. मी कँटीनमधून चहा घेऊन आले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. तो कप मी किती वेळ हातात धरून उभी होते कोण जाणे.

मग फोन करावाच लागला. "अभिनव, आई गेल्या."  तो एवढंच म्हणाला, "निघालो."

"अरे, संध्याकाळपर्यंत तरी थांब, काल दुपारीच तू..."

फोन बंद झाला, आणि त्यानंतर लागेचना.

घरी माणसं जमू लागली. याचे चुलते सुखदेवकाका चिंचवडहून आले, कारखान्यातून थेट, अंगावर अजून कामाचे कपडे. "पोरगा कुठी हाय?"

"घाटाखाली," मी म्हटलं. मला काही ठाऊक नव्हतं. तो घाटाखाली होता की वर, गाडीत हात बधिर होऊन पडला होता की काय, काही कळत नव्हतं. मी खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. अभिनवची येरझार त्या दिवशी माझ्या पायांत आली होती.

"घाटाखाली काय करते तो?" काका म्हणाले. "माय मेली त्याची! मायपेक्षा घाट मोठा झाला का?"

"काका," मी म्हटलं, "घरात एक मयत आहे. मला दुसरी नको."

काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही मग रडू आवरलं नाही.

दुपारी फोन आला. "फोंड्यात आहे," अभिनव म्हणाला. "घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर."

"वर जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते."

"गेलो होतो. पहिल्या वळणापर्यंत गाडी घातली होती मी." तो मोठमोठ्याने श्वास घेत होता. "मग तिचं आठवलं. कल्याणी, तिने मला कधीच कशाला नको म्हटलं नव्हतं गं. पुण्याला जाऊ नको म्हणाली नाही. तुझ्याशी लग्न करू नको म्हणाली नाही. पाण्यात जाऊ नको, तेही नाही. एवढं एकच नको म्हणाली. मी गाडी वळवली."

आणि तो तिथे बसला. संध्याकाळ होईपर्यंत, टपरीच्या बाकावर, समोर घाटाचा रस्ता, वर चढणाऱ्या गाड्या बघत. ज्याला दोन मिनिटं सिग्नलला बसवत नाही, तो माणूस. मी दर थोड्या वेळाने फोन करत होते आणि तो म्हणत होता, "बसलोय." दुसरं काही नाही.

घरी आला तो थेट बर्फाच्या पेटीजवळ गेला आणि काचेवर डोकं ठेवून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईंना पोहोचवलं.

तेरावं होईपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एका सकाळी चहा गाळताना मागे येऊन उभा राहिला. "तू मला रविवारीच सांगायला हवं होतंस. मी तिच्याशी गोगलगायीबद्दल बोलत बसलो. शेवटचं! गोगलगायीबद्दल!"

"हो, हवं होतं," मी म्हटलं. "आणि पुन्हा तशीच वेळ आली तरी मी सांगणार नाही. तुला राग धरायचा तर धर. दोन्ही हातांनी धर, दोन्ही धड आहेत."

 मग त्याने माझ्या हातातली गाळणी घेतली आणि चहा गाळला. निम्मा बाहेर सांडला.

त्यानंतरच्या गुरुवारी वीज गेली, पंखा थांबला. मी न सांगता एक बादली बाजूला काढून ठेवली. त्याने त्यात डबा बुडवला नाही, पण मोबाइल घेऊन बसला. पाणी स्वच्छ आहे, एका स्पर्धेची मुदत वाढली आहे, जांभळ्या गोगलगायीचा अंडी घालतानाचा फोटो मिळाला आहे. सगळं सांगून झालं. शेवटच्या वाक्याला आला आणि थांबला. बाल्कनीच्या दाराशी खाट तशीच होती, वर घडी घातलेली चादर. मी स्वयंपाकघरात ताटं मांडत होते, माझाही हात थांबला.

"अन् पाह्य," तो म्हणाला, तिच्याच बोलीत, तिच्याच चालीत, "आज घाट चढू नको बाप्पा."

मोबाइल बंद केला आणि म्हणाला, "ते पुसतो. नीट मराठीत परत म्हणतो."

"हात लावलास तर बघ," मी म्हटलं. "जेवायला बस."

आता दर गुरुवारी शेवटचं वाक्य तेच असतं, आणि ते कुणाचं हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. गेल्या रविवारी सुदर्शन परत मालवणला गेला होता, त्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच. सोमवारी सकाळी त्याची मीटिंग होती, आणि संध्याकाळी त्याचा निरोप आला. अभिनवने तो मला वाचून दाखवला आणि मग खाटेकडे तोंड करून पुन्हा एकदा वाचला: "काकूंनी सांगितलंय. मी खालीच थांबलोय."