बोडीभाऊंचा विषय

बोडीभाऊंसमोर कुठलंही विधान सहज करून चालत नसे. कॉलेजसमोरच्या चहाटपरीवर कुणी म्हटलं, "दुधीचा रस घेतला की साखर उतरते," की ते हातातला कप खाली ठेवत आणि विचारत, "कोनं म्हनलं?" समोरचा गडबडून जाई. "कुठं म्हनलं? कवा म्हनलं?" एकदा टपरीवालाच चिडला. "माह्या सासूनं म्हनलं, यंदाच्या पोळ्याले, माह्या घरी!" बोडीभाऊ एकदम प्रसन्न झाले. "मंग चालते. नाव, गाव, साल, सगळं आलं. 'असं म्हनतेत' म्हनून जे सांगतेत नं, त्याइचं काही खरं नसते."

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात ते सगळ्यांत जुने विद्यार्थी होते. गाव नाकाडोंगरीच्या पुढे, रानाच्या कडेला. घरी धानाची शेती. बायको गावीच असे. भाऊ भंडाऱ्यात खोली करून राहत आणि शनिवारच्या एसटीने घरी जात. पीएच.डी.साठी त्यांनी धरलेला विषय होता बोडी, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून केलेला लहानसा तलाव. म्हणून सगळे त्यांना बोडीभाऊ म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. बिडी वळणाऱ्या बायकांवर काम करायचं ठरवून मी केंद्रात आले, तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की आधी विषयाची रूपरेषा तयार करायची असते आणि त्यात 'पूर्वसंशोधनाचा आढावा' नावाचा एक भाग असतो. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसून मी 'बिडी' असं टाइप केलं आणि आलेल्या दोन-चार लेखांकडे बघत बसले. शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "इतकंच भेटलं?"

"हो नं भाऊ. काहीच नाही दिसत."

"स्पेलिंग बदल." आणि त्यांनी एकेक करून सांगितलं: कुणी बी-आय-डी-आय लिहितो, कुणी मध्ये दोन ई घालतो, बंगालकडचे लोक डीच्या जागी आर लिहितात. "एकाच दारावर टकटक केली अन् म्हनते गावात कोनीच नाही!" संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे वाचायचा ढीग झाला होता.

लेख शेवटून वाचायचा, हीही त्यांचीच शिकवण. "आधी मांगं जा. हे लोकं कोनाकोनाच्या घरी जेवले, ते संदर्भयादीत लिहून रायते. मंग पाहाय, पुढं याइच्या घरी कोन कोन जेवाले आलं. असं मांगं-पुढं फिरलं का सारं खानदान सापडते." त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी असं मागे-पुढे फिरवलं. कुणाचा विषय आदिवासींच्या गाण्यांचा, कुणाचा तांदूळ गिरण्यांचा. भाऊ स्वतःची खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी जाऊन बसत. एकेकाची रूपरेषा मंजूर होई, पेढे येत, भाऊ अर्धा पेढा खाऊन अर्धा कागदात बांधून ठेवत.

त्यांची स्वतःची मात्र अडकली होती. बोडीवर शोधायला गेलं की संगणक विचारी, तुम्हाला 'बॉडी' म्हणायचं आहे का, आणि मग मणक्याच्या आजारांचे लेख दाखवी. तलावाचा इंग्रजी शब्द 'टँक' घातला की रणगाडे येत, नाहीतर छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या. सिंचन हा शब्द जोडला की दक्षिणेतले तलाव येत, श्रीलंकेतले येत. आमच्याकडच्या मोठ्या, जुन्या तलावांवर थोडं काही सापडे. पण बोडी कुठेच नव्हती. "अख्ख्या दुनियेत फिरून आलो," ते म्हणत, "फक्त माह्या गावाचा फाटा लागला नाही."

त्यांना शोधायचं होतं ते असं. दिवाळीच्या आधी पाऊस दगा देतो, धान पोटरीवर, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलेला असतो, बोडीत पाणी थोडं आणि शेतकरी पुष्कळ. अशा वेळी पाणी आधी कुणाला, हे त्यांच्या गावात कागदावर कुठेच नव्हतं. चार जण बांधाबांधाने फिरत, धानाचा गाभा दाबून बघत आणि ठरवत. भांडणं होत, पण पोलिसात जात नसत. "भांडन कसं मिटते, हे कोनी लिहिलंच नाही," भाऊ म्हणत. "भांडन कसं लागते, यावर पाहाय किती पुस्तकं हायेत!"

विद्यापीठाच्या समितीपुढे ते पहिल्यांदा गेले त्याची हकिकत त्यांनी मला टपरीवर सांगितली. समितीतल्या एका सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, "या विषयावर थेट संशोधन एकही नाही?"

"नाही सर. म्हणूनच तर मला..."

"नसेल, तर विषय तेवढा महत्त्वाचा नसेल. किंवा तुम्ही नीट शोधलं नसेल. दोन्हीपैकी एक."

भाऊंनी ते दुसरं मनावर घेतलं. आपण नीट शोधलं नाही म्हणून ते पुढचं वर्षभर शोधत राहिले. नागपूरच्या ग्रंथालयांत जुनी गॅझेटियरं बघितली, अनोळखी प्राध्यापकांना मेल लिहिले, एका निवृत्त अभियंत्याच्या घरी जाऊन त्यांच्या माळ्यावरचे अहवाल उतरवून घेतले. डोळ्यांना चष्मा लागला. दुसऱ्या वेळी जाडजूड आढावा घेऊन गेले तर समितीत नवे लोक होते. ते म्हणाले, "संदर्भ फार झालेत. यात तुमचा विषय कुठे आहे?" आमचे मार्गदर्शक सर निवृत्तीला आले होते, स्वभावाने गरीब. "करा, करा, पुन्हा करा," एवढंच ते म्हणत.

त्याच पावसाळ्यात एका मोठ्या शहरातल्या संस्थेतून दोघं संशोधक आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांना पूर्व विदर्भातल्या पाणीवाटपावर काही करायचं होतं. आमच्या सरांनी त्यांना बोडीभाऊंकडे पाठवलं. भाऊंनी त्यांना गावी नेलं, बांधाबांधाने फिरवलं. म्हाताऱ्यांची झाडीबोली त्या दोघांना उमगत नसे, तेव्हा मध्ये बसून वाक्य अन् वाक्य हिंदीत करून सांगितलं. वहिनींनी जेवू घातलं. ते दोघं दिवाळीआधी परत आले, उन्हाळ्यात परत आले. भाऊंनी त्यांना आपला तो जाडजूड आढावासुद्धा पेनड्राइव्हवर देऊन टाकला.

मला राहवलं नाही. "भाऊ, सगळंच काहून देऊन राहिले तुम्ही? उद्या त्याइनंच लिहिलं तं?"

"लिहू दे नं!" त्यांचे डोळे चमकले. "थेच तं पाहिजे. त्याइनं लिहिलं का मले संदर्भ भेटन. एक संदर्भ, वर्षा! समितीपुढं ठेवीन अन् म्हनीन, हे पाहा सर, महत्त्वाचा हाय का नाही माहा विषय?"

समितीनं सांगितलेलं त्यांच्याइतकं प्रामाणिकपणे कुणीच ऐकलं नसेल.

तो लेख मला सापडला. माझ्या कामासाठी काही बघत असताना पडद्यावर त्यांच्या गावाचं नाव दिसलं. मी उघडला. शीर्षक, दोघांची नावं, संस्थेचं नाव. भाऊंनी शिकवल्याप्रमाणे मी शेवटी गेले, तर संदर्भयादी ओळखीची निघाली. निवृत्त अभियंत्याच्या माळ्यावरचे अहवालसुद्धा त्यात होते. तळटिपेत स्थानिक रहिवाशांच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. नाव कुणाचंच नव्हतं. भाऊ शेजारीच बसले होते, एका मुलीला संदर्भ कसे लिहायचे ते दाखवत.

"भाऊ," मी म्हणाले, "जरा इकडं पाहता का?"

त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा वर सरकवून वाचलं. आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट झालं. ते टाळी वाजवून ओरडले, "आला! बोडी आली!" ग्रंथालयातली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी त्याची प्रत काढली, टपरीवर नेली, टपरीवाल्याला गावाचं नाव छापलेलं दाखवलं. "चांगलं लिहिलं पोराइनं. एका जागी चुकले, गाभा सकाळी पाहतेत, याइनं संध्याकाळी लिहिलं. बाकी चांगलं." तळटीप त्यांनी वाचली. कागद जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "नाव नसलं तं नसो. गाव तं आलं."

तिसऱ्या वेळी आम्ही दोघं एकाच दिवशी नागपूरला गेलो. आधी माझं झालं. माझी रूपरेषा पहिल्याच फेरीत मंजूर झाली. आढावा फार चांगला आहे, असं एक मॅडम मुद्दाम म्हणाल्या. मग भाऊ आत गेले. मी दाराजवळच्या बाकावर बसले होते आणि दार अर्धवट उघडं होतं. भाऊंनी तो लेख सगळ्यांत वर ठेवला होता. आतून आवाज आला, "अहो, पण हे तर झालेलं आहे. तुमच्याच गावावर झालंय. आता यात तुम्ही नवीन काय करणार?"

भाऊंनी काहीतरी उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. "ते सगळं यात आलंय," तोच आवाज म्हणाला. "दुसरा विषय बघा."

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी पहिलं मला विचारलं, "झालं नं तुह्यं? छान." मी पेढे घेतले नाहीत. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मौदा गेलं तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहिले कोनी लिहिलं नव्हतं म्हनून नाही म्हनले. आता लिहिलं म्हनून नाही म्हनले. मधात कोनता तरी एक दिवस असन नं, जवा हा विषय चालला असता? थो दिवस कोनता होता, वर्षा?"

शहापूर आलं. मला उतरावं लागलं. बस भंडाऱ्याकडे निघून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले.

मी भांडा म्हणाले, तक्रार करा म्हणाले. त्यांनी फार आढेवेढे घेऊन त्या दोघांना एक मेल केला. उत्तर लगेच आलं, अगदी गोड. सहकार्याबद्दल पुन्हा आभार, लेखाची प्रत सोबत पाठवत आहोत, आणि पुढच्या टप्प्यात शेजारच्या गावांत जायचं आहे, तर आपली मदत होईल का? भाऊंनी मला ते वाचून दाखवलं आणि संगणक बंद केला. सरांनी दोन-तीन दुसरे विषय सुचवले. भाऊ मान हलवत. हळूहळू ते सोमवारी गावाहून परत येईनासे झाले. त्यांची खुर्ची कुणीतरी वाचनकक्षात नेली. नोंदणीची मुदत कधी संपली तेही कुणाला कळलं नाही.

माझं पूर्ण झालं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. प्रत घेऊन मी त्यांच्या गावी गेले. भाऊ खळ्यावरून आले, हातपाय धुतले, प्रबंध दोन्ही हातांनी घेतला आणि उघडला नाही. देवळीच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. "चांगलं झालं," म्हणाले. चहा करताना वहिनी हळूच म्हणाल्या, "वाचतच नाही आता. पेपर आला तं मले गुंडाळाले देऊन टाकतेत." मी बोडीचं विचारलं. भाऊ म्हणाले, "हाय नं. लोकं इंजिन लावतेत. ज्याचं इंजिन मोठं, त्याले पानी." जणू कुण्या दुसऱ्याच गावाबद्दल सांगत होते.

निघताना ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. चिखल्याच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ उडत होती. एसटी दिसली तेव्हा एकदम म्हणाले, "माही पुतनी औंदा तुह्या कॉलेजात आली. हुशार हाय पोट्टी. येईन तुह्याकडं. तिले बी.एड.चं सांग, स्पर्धा परीक्षेचं सांग. हे संशोधनाचं तेवढं सांगू नको."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मी आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या महिन्यात ती आली. बारीक, चष्मा लावलेली, दारातच चप्पल काढून उभी राहिलेली. मी बस म्हटलं. तिनं विचारलं, "मॅडम, आमच्याकडं धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया गाणी म्हनतेत. त्याच्यावर कोनी काही लिहिलं असन का? ते शोधाचं कसं?"

माझ्या टेबलावर संगणक सुरूच होता.

"काकांना विचारलंस का?" मी म्हणाले.

"विचारलं नं. काका म्हनले, मले नाही येत असं काही."

तिनं पेन काढलं होतं, मी काय सांगते ते लिहून घ्यायला. मी तिला बी.एड.च्या प्रवेश परीक्षेबद्दल सांगितलं. अर्ज कुठे भरायचा, कागदपत्रं कुठली लागतात, सगळं सांगितलं. तिनं नीट लिहून घेतलं, थँक्यू मॅडम म्हणाली, आणि गेली.