तासाचा एक थेंब

१२ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शेजारी नळाचे काम चालू होते. नळाचे सांधे बुजवायच्या सफेद्याचा उग्र वास आला आणि मी दहावीनंतरच्या सुट्टीत, नाशिकच्या आमच्या मोरीत पोहोचले. गळणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्यावर काका तिसऱ्यांदा धागा-सफेदा चढवत होते.

"काका, हे लोखंडी पाइपाला चालतं. धागा फुगून प्लास्टिक तडकेल. टेफ्लॉन टेप आणा."

"मोठी आली शास्त्रज्ञ! गळती थांबव, मग तुझ्या बाबांना सांगतो, घाला हिला सायन्सला."

मी आधी मिनिटाला किती थेंब पडतात ते वहीत टिपले, मग आट्यांच्या दिशेने टेप गुंडाळून सांधा बेताने आवळला. तासाभराने एक थेंब पडला; तोही लिहिला.

"हरलीस!"

वहीतला तो थेंब खोडावासा वाटला होता. आता प्रयोगशाळेत काम करताना तोच माझा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. तेव्हा मी तो न खोडता वही काकांसमोर धरली. आधी: मिनिटाला चाळीस थेंब. आता: तासाला एक.