शेंड्यापर्यंत

सी भाषेच्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले ती 'धान' या एका शब्दावर. गोंदियाच्या पॉलिटेक्निकमधलं माझं ते शेवटचं वर्ष. प्रश्न सोपा होता: दोन शब्द घ्यायचे आणि ते सारखे आहेत का ते सांगायचं. आकडे ताडताना बरोबरचं चिन्ह दोनदा देतात, तेच मी शब्दांच्या मधे ठोकून दिलं. परीक्षकांनी 'धान' टाइप केलं, पुन्हा 'धान' टाइप केलं. स्क्रीनवर आलं, 'वेगळे'.

"एक ही शब्द दो बार डाला, फिर अलग कैसे?" त्यांनी विचारलं.

नागपूरच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, पण हिवाळी परीक्षेत हा विषय सुटला तरच. चूक काय ते पुस्तकात होतं. ते चिन्ह शब्दातली अक्षरं बघतच नाही, शब्द मेमरीत कुठे ठेवलाय ती जागा बघतं. मी ते वाचलं, घोकलं, पण डोक्यात काही शिरेना.

तिरोड्याकडे आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे, ती आम्ही बियाण्यासाठी राखतो. लोंब्या बाहेर पडल्या की भेसळ काढावी लागते, म्हणजे दुसऱ्या वाणाची रोपं हुडकून उपटायची. ती राहिली तर तपासणीत अख्खं बियाणं नापास. या कामात आईचा हात धरणारं गावात कोणी नाही. पोटरीभर चिखलात ती चालते ते देवळात चालावं तशी, सावकाश, एकही रोप न चुकवता. त्या वर्षी मीही तिच्या मागे उतरले आणि कोपऱ्यातली चार रोपं तोऱ्यात उपटून तिला दाखवली.

"काऊन उपटलीस वो?"

"लाइनीच्या बाहेर होती."

"जागा कायले पायतेस? धान पाय! मीच लावली होती तिथं, जागा खाली होती म्हनून." ती खरंच चिडली होती. "बुडापासून पाय. जिथं फरक दिसन, तिथं थांब. नाही दिसला त समोर जा."

मी हातातली रोपं बघत राहिले. चांगलं धान मी निव्वळ जागा बघून परकं ठरवलं होतं, आणि परीक्षेतही नेमकं हेच केलं होतं. इतकी लाज वाटली की मान वर होईना.

पुढचं रोप मी बुडापासून नीट पाहिलं. खोड सारखं, पान सारखं. सोडून पुढे निघाले तर आईनं दंड धरून मागे ओढलं. लोंबीच्या पार टोकाला बारीक कुसळ होतं. आमच्या वाणाला कुसळ नसतं.

"शेंडा कोन पायन?"

हिवाळी परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न आला, परीक्षकही तेच. या वेळी मी अक्षरामागून अक्षर ताडत गेले, फरक दिसला की थांब. लिहून झालं, हात वर करणार तोच दंडावर आईची पकड जाणवली. एक शब्द आधीच संपला तर? सीमध्ये प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो संपल्याची खूण असते. ती खूणही ताडून बघायची ओळ मी घातली, मगच हात वर केला.

परीक्षकांनी 'धान' दोनदा टाइप केलं. 'सारखे'. मग माझ्याकडे बघत त्यांनी 'धान' आणि 'धान्य' टाइप केलं. 'वेगळे'. "अब ठीक है," म्हणाले आणि शेऱ्याच्या कागदाकडे वळले.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात धान वाळायला घालत होती. विषय सुटला, मी सांगितलं. कॉम्प्युटरला तिनं उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही. पण तिनं नेमकं विचारलं, "शेंड्यालोक पायलीस ना?"

"पायली, पार शेंड्यापर्यंत."

"मंग जा नागपूरले," ती म्हणाली आणि पुन्हा धान पसरायला लागली. मला रडूच फुटलं.