आतला कागद बाहेर

लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. त्याच्या टेबलावरच्या प्रिंटरमधून रिपोर्ट निघाला की तो हात उंच करायचा. "चलाऽऽ, शुगर तीनशे कुणाची? या, गोड माणूस!" अख्ख्या बाकांना ऐकू गेल्याशिवाय कागद सुटायचा नाही. म्हणून वाईट बातमीचा रिपोर्ट लॅबमध्ये आत काम करणारी ताई आतल्या खोलीतल्या प्रिंटरवर काढायची, डॉक्टरांची सही घ्यायची आणि माणसाला आत बोलावून हळूच सांगायची.

आज ताईच्या भावजयीचा रिपोर्ट होता. गाठ साधी नव्हती. आणि तिचा नवरा, ताईचा धाकटा भाऊ, बाहेर बसून भोंग्यालाच भोंग्याची नक्कल करून दाखवत होता.

आतला प्रिंटर कालच दुरुस्त होऊन आला होता, तरी सकाळपासून ताईचे कागद बाहेरच निघत होते. तिने कॉम्प्युटरची काळी खिडकी उघडली, अ‍ॅडमिन म्हणून शिरली आणि हुकूम टाइप केला: इथून पुढे कागद आतल्या प्रिंटरवर. मग विचारलं, कुठे जाणार? उत्तर आलं, आतल्या. चाचणीचं पान सोडलं. ते खर्रकन आतच आलं.

भावाने दारातून डोकं घातलं. "ताई, तुमचा प्रिंटर अजून कुंथतोय का?"

"बस रे बाहेर, छोट्या. होतंय."

"मग तोंडानेच सांग की!"

"सही लागते डॉक्टरांची," ताई हसून म्हणाली. हसू कसंबसं ओठांवर टिकलं.

तो गेला. तिने अ‍ॅडमिनची खिडकी मिटली, नेहमीसारखा आपल्या नावाने रिपोर्ट उघडला आणि सोडला.

आतला प्रिंटर ढिम्म.

तेव्हा तिला आठवलं. प्रिंटर दुरुस्तीला गेला, त्या दिवशी तिनेच स्वतःच्या खात्यात काउंटरचा प्रिंटर ठरवून ठेवला होता. अ‍ॅडमिनने सगळ्यांसाठी काहीही ठरवो, तिच्या खात्यात तिचाच शब्द चालणार होता. तो पुसायचं साफ विसरली होती.

भिंतीपलीकडून आवाज आला, "चलाऽऽ, हा कुणा—" आणि मध्येच तुटला.

ताई धावत बाहेर आली. भोंगा मान खाली घालून उभा होता. कागद भावाच्या हातात होता.

"मघाशी हसलीस, तेव्हा माहीत होतं तुला?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तिला तरी तोंडाने सांगशील ना, ताई?"