कणगीतली चार मिनिटं

माझ्या हातून जे झालं ते आधीच सांगून टाकतो. बायको गेल्यावर तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो मी कापसाच्या बोळ्यानं पुसला. मुद्दाम नाही. दुरुस्त करायला गेलो होतो.

मी शिकलो चौथीपर्यंत. मिरजगावात रस्त्याकडेला माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नाला, जत्रेला स्पीकर भाड्यानं द्यायचो. दुकानाच्या मागच्या अंगाला घर. थंडीचे दिवस होते. ती मागं परातीत बाजरी निवडत बसली होती. मी पुढून हाक मारली, चहा टाक म्हणून. ओ आली नाही. सकाळी आमचं वाजलं होतं, मला वाटलं रुसली. मी आणखी एक टेप उघडला, त्याचा पट्टा बदलला, वाजवून बघितला. मग आत गेलो. ती भिंतीला टेकलेली, हात बाजरीत तसाच. हात गार. मी तासभर रुसवा समजून बसलो होतो. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही, आणि येईन असं वाटतही नाही.

मुलगी मला नगरला तिच्या घरी घेऊन आली. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे माझ्यासारख्याला अवघडच. पण जावई माणूस बरा. घरातच लग्नपत्रिका, हँडबिलं तयार करायचा. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, आणि कॉटखाली तिसरा. त्या तिसऱ्याला ना पडदा ना कीबोर्ड. डबा एका ऑफिसच्या भंगारातला, आतला बोर्ड पुण्याहून आणलेला जुना, पंखा मी बसवलेला. दोन्ही कॉम्प्युटरवरचं काम वायरीनं त्यात जाऊन साठायचं. जावई त्याला सर्व्हर म्हणायचा. बायको हयात असताना एकदा चार दिवस राहायला आली होती. तिनं विचारलं, "ह्यो कॉटखाली बसून काय करतो?"

"साठवतो, मामी. सगळं ह्याच्या पोटात."

"मंग धान्याची कणगी म्हना की सरळ."

तेव्हापासून घरात त्याला कणगीच म्हणत.

नगरला येताना मी सामानाचं एक खोकं आणलं होतं. त्यात एक कॅसेट निघाली, वर माझ्या अक्षरात 'टेस्ट' लिहिलेलं. दुरुस्तीचं काम झालं की मी त्याच कॅसेटवर आवाज भरून बघायचो. वाजवली. आधी माझाच आवाज, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री." एका इको मशीनची टेस्ट होती ती. आणि एकदम मागून ती बोलली.

"अवो. ऐकलं का? भाकर गार झाली."

माझ्या हातातला पाना खाली पडला. ती जाऊन चार महिने झाले होते आणि ती मला जेवायला बोलवत होती. माईक चालूच राहिला असणार, कारण तिचं बोलणंही इकोत गेलेलं: भाकर, भाकर, भाकर. ते ऐकून ती दचकली. "अगं बया, ही कोन?" असं म्हणाली आणि हसायला लागली. मग परत माझ्यावर घसरली. चार मिनिटं नुसत्या शिव्या. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिचा आवाज कधी मुद्दाम भरून ठेवला नाही. गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या मामाचा भरला, तिचा नाही. जे सापडलं ते चुकून.

मी ती कॅसेट रोज वाजवायचो. मुलगी मात्र पहिलं "अवो" ऐकलं की उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडायची. शेवटपर्यंत तिनं ती कधीच ऐकली नाही. जावई म्हणाला, "मामा, रोज वाजवून झिजेल. कॉम्प्युटरात घेऊन ठेवू." मी म्हणालो, "कॅसेट हाय की धडधाकट." तरी त्यानं वायर लावून आवाज आत घेतला आणि कणगीत टाकून ठेवला. पंधराच दिवसांत माझ्या टेपनं ती कॅसेट खाल्ली. दोरीसारखा पीळ बसला आणि मधेच तुटली. रोज दुसऱ्यांचे टेप दुरुस्त करणारा मी, माझ्याच टेपचा रबरी रोलर कडक झालेला मला दिसला नव्हता.

म्हणजे आता कणगीतच काय ते, आणि जावई रोज तिथूनच लावून द्यायचा. मी जावयाला विचारलं, फ्लॉपीवर घेता येईल का? तो म्हणाला, चार मिनिटांच्या आवाजाला तीस-एक फ्लॉप्या लागतील, आणि त्यातली एक बिघडली की सगळं गेलं. दोन्ही कॉम्प्युटर पत्रिकांनी ठासून भरलेले. सीडीवर लिहून देणारा एक जण होता, त्याच्याकडे जाऊ जाऊ म्हणत राहिलो. त्यापेक्षा कणगीच मोठी करू असं ठरलं. जुन्या बाजारातली मोठी हार्डडिस्क, जुनी मेमरी, झालंच तर दणकट पॉवर सप्लाय. नवं घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती.

मेमरी आधी मिळाली. हिरवी पट्टी, तिच्या कडेला सोनेरी दात. लावली तर कणगी नुसती पीं पीं ओरडायला लागली. जावयानं पट्टी काढली आणि शाळेतल्या पोरांचं खोडरबर घेऊन ते दात घासले. परत लावली, चालू! मी बघतच राहिलो. एवढ्या हजारोंच्या मशीनला खोडरबर लागतं?

"मळ बसतो मामा, दुसरं काय."

ते वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मळ मला कळतो. माझं अर्धं आयुष्य मळ काढण्यातच गेलं होतं.

मग एका सकाळी कणगी टक टक करायला लागली. पत्र्यावर कुणी नख वाजवावं तसं. जावयानं लगेच बंद केली. म्हणाला, "हार्डडिस्कचं हेड जायला लागलंय."

"हेड? टेपमधी असतंय तसं?"

"तसंच समजा. आत तबकडी फिरते, तिच्यावर लोहचुंबकानं लिहिलेलं असतं, हेड ते वाचतं. आता हिला हात नाही लावायचा. रविवारी मी पुण्याहून दुसरी आणतो. मग एकदाच चालू करायची आणि सगळ्यात आधी मामींचा आवाज काढून घ्यायचा."

रविवारी तो पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेला. मुलगी शेजारणीबरोबर बाजारात. घरात मी एकटा, आणि कॉटखाली कणगी. मी विचार केला, हेडच जात असेल तर ते मळानंच जात असणार. टेपचा आवाज बसला की माणसं माझ्याकडंच यायची. स्पिरिटचा बोळा फिरवला की टेप खणखणीत. जावयाला कॉम्प्युटरचं कळत असेल, पण हेडचं मला विचारा.

मी डिस्क सोडवली आणि खाटेवर वर्तमानपत्र पसरून बसलो. वर एक चिठ्ठी चिकटवलेली, इंग्रजीत काहीतरी छापलेलं. मला इंग्रजी येत नाही. ती सोलून काढली. स्क्रू चांदणीच्या तोंडाचे. माझा स्क्रूड्रायव्हर कानशीनं घासून त्या मापाचा केला. झाकण निघालं आणि मी चमकलो. आत आरसा! इतका लख्ख आरसा मी बायकोच्या फणीच्या डब्यातसुद्धा पाहिला नव्हता. त्यात माझ्या मिशा, माझे दोन दिवसांचे खुंट, डोळ्याखालच्या पिशव्या. ती जिथं बोलत होती तिथं माझंच थोबाड. क्षणभर वाटलं झाकून टाकावं. तेव्हा टाकलं असतं तर बरं झालं असतं.

हेड म्हणजे मुंगीच्या पायाएवढं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून मी ते अलगद पुसलं. मग आरशावरही एक हात फिरवला. माझ्या सामानात एक मऊ फडकं असायचं, तिच्याच जुन्या लुगड्याचं. त्यानं. झाकण लावलं, स्क्रू आवळले, डिस्क जागच्या जागी बसवली. काम इतकं साफ झालं होतं की मी स्वतःवरच खूश होतो.

दुपारी जावई आला. मोठी डिस्क आणली होती, वापरलेली, पण चांगली. त्यानं ती बसवली, मुलीला पडद्यापाशी बसवलं, मला म्हणाला, "मामा, देवाचं नाव घ्या." बटण दाबलं.

खर्रर्र. पाट्यावर खडा घासावा तसा आवाज.

जावयानं झटक्यात बटण बंद केलं. डिस्क बाहेर काढली, उलटी केली. चिठ्ठी नव्हती. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"मामा, हिला कुणी उघडलं?"

"मी. हेड साफ केलं. लई घान हुती का न्हाई ते दिसंना, पर मी केलं."

हातातला स्क्रूड्रायव्हर जावयानं खाटेवर ठेवला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मुलगीच म्हणाली, "अवो, बोला की. काय झालं?"

"आत धुळीचा एक कण गेला तरी ती मरते. मामांनी ती पुसलीय."

"दादा," मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "आईला पुसून टाकलं तुमी?"

मी साठी ओलांडलेला माणूस. मला शिव्या खायची सवय आहे, मार खाल्लाय, एकदा मिरवणुकीत शॉक लागून खांबाला चिकटलोय. पण हे एक वाक्य मला पेललं नाही. मी खाली बसलो. "टेपचं तसंच करत्यात," एवढंच मी म्हणत राहिलो. चारपाचदा म्हणालो असेन.

"माझंच चुकलं," जावई म्हणाला. "तसंच समजा असं मीच म्हणालो होतो."

"तुमी गप बसा," मुलगी म्हणाली. "ह्यांला नको तिथं हात घालायची खोडच हाय. आई मरेपर्यंत हेच सांगत हुती."

जावयानं आणखी प्रयत्न केले. डिस्क आडवी, मग उभी धरून. चौथ्यांदा ती फिरली आणि पडद्यावर नावांची यादी आली. आम्ही तिघं पुढं वाकलो. आवाज ह्या डिस्कवरून त्या डिस्कवर जायला लागला, आणि लगेच ती खरखर. मग टक. मग काहीच नाही. ती परत कधी फिरली नाही.

जे पलीकडं गेलं होतं ते जावयानं कशीतरी खटपट करून वाजवलं. माझं "हॅलो, हॅलो" होतं. जेवायची पितळी जमिनीवर ठेवल्याचा आवाज होता. मग ती म्हणाली, "अवो." आणि बंद. ह्या वेळी मुलगी उठून गेली नाही.

दोन दिवस तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यापुढं बसून म्हणाली, "तुमाला पाठ हाय म्हनत हुता ना? सांगा. मी टायपते."

मला वाटलं हे तर सोपं. रोज ऐकलेलं. मी सुरू केलं. "अवो. ऐकलं का? भाकर गार झाली." पुढं, "त्या डब्यात त्वांड घालून बसताय, मानसात कवा बसनार?" आणि तिथंच अडकलो. हे आधी, का इको ऐकून दचकली ते आधी? मी दोनदा उलटसुलट सांगितलं. ती दोनदा खोडून परत टायपत बसली. चारच मिनिटांचं बोलणं, आणि तीन दिवसांत ते माझ्या डोक्यातून सांडायला लागलं होतं.

"मग म्हनली, पोरीचं पत्र येऊन पडलंय परवाधरनं. मला वाचता येत असतं तर तुमच्या पाया पडले नसते. आन् तुमाला वन टू थ्री सुचतंय."

मुलीचे हात थांबले. "माझं पत्र?"

"व्हय."

"मग वाचलं का तुमी?"

मी आठवायला लागलो. कुठलं पत्र, कधीचं, त्यात काय होतं. काही म्हणता काही येईना. कॅसेटमध्ये पुढं माझाच आवाज होता, तेवढं पक्कं आठवत होतं. मी म्हणालो होतो, "थांब जरा, टेस्टिंग चाललंय."

"आठवंना," मी म्हणालो.

तिनं ती पत्राची ओळ पुरी टायपली. मग म्हणाली, "आनि हसली कुठं? हसली असं लिहू?"

"लिही. पर नुसतं हसली न्हाई. आधी भ्याली, मग हसली, मग हसू दाबून रागावली."

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं. शब्द सगळे बरोबर होते, पण ऐकताना वाटलं कोर्टातला कारकून बोलतोय.

जावयानं ते पान नव्या कणगीत साठवलं. मी विचारलं, किती जागा गेली? तो म्हणाला, "काहीच नाही, मामा. अशी शेकडो पानं एका फ्लॉपीवर बसतील."

मला काही कळेना. "आन् आवाजाला तीस फ्लॉप्या लागत हुत्या म्हनला. बोलनं तर तेवढंच. मग बाकीच्या जागेत काय हुतं?"

जावयानं पडद्यावर दोन ओळी दाखवल्या, प्रत्येकीपुढं जागेचा आकडा. एक आम्ही टायपलेलं पान, दुसरा आवाजाचा उरलेला तुकडा. आकडे मला वाचता येतात. माझं हॅलो, ती पितळी आणि तिचं एक "अवो", एवढ्यालाच त्या अख्ख्या पानाच्या शेकडो पट जागा लागली होती.