सावली उचलणारा बंटी

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंटी ठवरेचा फोटो स्टुडिओ आहे. चाळिशी उलटली, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी माणूस बंटीच राहिला. पाळण्यातलं नाव फक्त बँकेला ठाऊक. या गृहस्थाला देवाने सगळं दिलं, बूड तेवढं टेकायला द्यायचं विसरला. आधी हिंगण्याला एका कंपनीत लागला होता. दिवसभर एकाच मशीनपुढे उभं राहायचं म्हटलं की याच्या पायांना मुंग्या यायच्या. मग तो दुसऱ्यांची मशीनं बघत हिंडायचा आणि सुपरवायझरच्या शिव्या खायचा. शेवटी नोकरीला रामराम ठोकून स्टुडिओ टाकला. इथे खुर्ची स्वतःची, तरी तिच्यावर तो अर्धाच बसतो. एक पाय सारखा हलतोय, हातात माउस, नजर दाराकडे आणि तोंड पुढच्या गिऱ्हाइकाशी.

पण चेहऱ्यावरची सावली उचलावी तर बंटीनेच. आपल्याकडची लग्नं भर उन्हात लागतात. नवरदेवाचे डोळे फेट्याखाली गायब, नवरीच्या गालावर मुंडावळ्यांच्या काळ्या रेघा. बंटी कॉम्प्युटरवर ‘शॅडो’ची पट्टी उजवीकडे सरकवतो आणि अंधारातून माणूस बाहेर येतो. त्याला सावली सोसतच नाही. घरी बायको मयुरा ओट्याशी उभी असली तरी म्हणेल, “जराशी इकडे सरक वं, अर्धं तोंड काळं दिसून राहिलं.” तिने लाटणं उगारलं की मग गप्प बसतो.

परवा दुपारी रामाजी गावंडे आले. मूळचे कळमेश्वरकडचे, आता लेक ताराकडे, बंटीच्याच मागच्या गल्लीत राहतात. त्यांची बायको जिजाबाई नुकतीच गेली होती. रामाजींनी रुमालाची गाठ सोडून मोबाइलमधलं इवलंसं कार्ड बाहेर काढलं.

“तेरवीले फोटो पायजे गा. तिनं कधी काढूच देल्ला नाही. हा एकच हाय, भाच्याच्या लग्नातला.”

“आधारकार्डावरचा?”

“त्यात तं नुसता काया चौकोन दिसते.”

बंटीने कार्ड लावून फोटो उघडला. मांडवाच्या कडेला जिजाबाई बसलेली, पदर कपाळापुढे छपरासारखा ओढलेला. नाक आणि ओठ दिसत होते, वरचं सगळं काळोखात. बंटीचे हात शिवशिवले. त्याने सावली उचलली, आणखी उचलली. पदराखालून कपाळ वर आलं, डोळे वर आले, आणि त्यांच्यासोबत हिरवट-काळे दाणेही आले. मोबाइलच्या फोटोत अंधार फार ताणला की असे दाणे येतातच, हे बंटीच्या रोजच्या पाहण्यातलं. त्याने फोटो पडदाभर मोठा केला, डाग पुसायचा ब्रश घेतला आणि कपाळ लख्ख केलं. हनुवटीवर एक राहिला होता, तोही पुसला. सेव्ह केलं ते त्याच कार्डावर, त्याच फोटोवर. मूळ फोटो आधी बाजूला ठेवावा हे त्याला ठाऊक नाही असं नाही, पण तेवढा धीर त्याच्या बोटांना नसतो.

फ्रेम हातात घेऊन रामाजी बराच वेळ बघत राहिले. “मस्त उजेड पडला,” एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं शटर वर जातं न जातं तोच रामाजी फ्रेम आणि कार्ड घेऊन दारात हजर.

“तारा म्हणते, मायचं गोंदन कुठी गेलं? म्हणते, हे माह्या मायचं तोंड नोहे, याले मी हार घालनार नाही. उद्या तेरवी हाय, बंटी. समदे पाहुने येऊन राहिले.”

ते दाणे नव्हते. सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं माणसासोबत वर जातं, असं मानणाऱ्या पिढीची बाई ती. आणि हिने जाताना सोबत नेलेला एकुलता एक दागिना बंटीने डाग समजून खरवडला होता. त्याला स्वतःच्या बोटांचा संताप आला.

“मग काल काहून नाही बोलले, काकाजी?”

“मले वाटलं, उजेडात अशीच दिसत असन.”

बंटी उठला, बसला, पुन्हा उठला. कार्ड तपासलं, कॉम्प्युटरचा कचराडबा उपसला. ओळखीच्या एका पोराकडून हरवलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर मागवून तेही चालवून पाहिलं. त्यातून कुणाच्या तरी बारशाचे फोटो निघाले, जिजाबाई काही निघाली नाही. मधे एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोला आलं, त्याला त्याने हात जोडून परत पाठवलं. रामाजी बाकावर बसून फ्रेमकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

“काकाजी,” शेवटी तो म्हणाला, “मी नवं गोंदण काढून देतो. जसंच्या तसं. फक्त कुठे होतं ते दाखवा.”

रामाजी पुढे आले. पडद्यावर जिजाबाईचं मोठं, लख्ख तोंड. त्यांनी बोट नेलं ते भुवईच्या वर. मग थोडं खाली घेतलं. मग नाकाच्या शेंड्याजवळ नेऊन थांबवलं. तिथून बोट गालावर आलं आणि काचेवरून निघालं.

“होतं ना गा. पक्कं होतं. लगन झालं तवाच होतं.”

“पण कुठे?”

“पदर राहे ना कपायावर!” रामाजी चिडून बोलले. बंटीवर चिडले होते की पदरावर, कोण जाणे. मग आवाज खाली आला. “ती वाढे, मी जेवो. ताटाकडं पाहून जेवो मी.”

“ताराबाईंना फोन लावू?”

“पोरीले कायले इचारतं? काय म्हनन ते मले?”

बंटीचा पाय टेबलाखाली जोरजोरात हलत होता आणि टेबलावरचा चहाचा कप त्याबरोबर वाजत होता. रामाजी थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग मोबाइल घेऊन बाहेर गेले आणि काचेच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. बंटीला ऐकू काही येत नव्हतं, पण म्हातारबुवांची मान खाली गेलेली दिसत होती. पलीकडून तारा बरंच बोलत असावी. मग रामाजींनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं, नंतर हनुवटीवर.

ते आत आले तेच एक बोट कपाळावर आणि एक हनुवटीवर दाबून, जागा हरवू नये म्हणून. रस्त्याने जाणारे दोघे थांबून बघू लागले. बंटीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

“हे इथं, भिवयांच्या मंधात, एकाखाली एक टिपके. वरचा मोठा. अन् हनुवटीवर एक, डाव्या अंगाले.”

“तिच्या डाव्या, की आपल्याला समोरून दिसतं त्या डाव्या?”

रामाजींचं हनुवटीवरचं बोट दुसरीकडे सरकलं, परत पहिल्या जागी आलं. मोबाइलकडे हात गेला आणि तसाच मागे फिरला. “आता पुन्हा कसं इचारू गा?”

बंटीने तिचंच डावं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या चेहऱ्यावर काळं चढवत होता. एकेक टिपका ठेवायचा, मोठा करून बघायचा, पुसायचा, परत ठेवायचा. घाई करायची सोय नव्हती आणि पायाला ते पटत नव्हतं. दुपार कलली तेव्हा कुठे काम संपलं.

रामाजी पडद्याजवळ वाकले. जिजाबाई त्यांच्याकडे बघत होती, कपाळ उघडं टाकून, गोंदणासकट. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग हळूच, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

“तू तं पाह्यलं होतं ना गा, पुसाच्या आंधी? असंच होतं काय?”

बंटीने पाहिलं होतं. पडदाभर मोठं करून पाहिलं होतं, आणि त्याला काहीही आठवत नव्हतं.

“असंच होतं, काकाजी,” तो म्हणाला.

रामाजींनी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो विश्वास बंटीला चार शिव्यांपेक्षा जास्त लागला.