बांधून ठेवलेली ताकद

सेनगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवतो. त्यात इंजिनावर दोन तास असतात. भिंतीवर तक्ता आहे, त्यात पिस्टन निळा आणि दोन व्हॉल्व्ह लाल. मी पट्टीनं दाखवतो, हा उघडतो, हा मिटतो. पोरं-पोरी लिहून घेतात. इतक्या वर्षांत कुणी एकही शंका विचारली नाही, त्यामुळे मी फार सोपं करून शिकवतो अशी माझी पक्की समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. बायको आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या पुढं एका आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर आहे. रोज काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून बसायची. गाडी तिच्यासाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगितलं. चावी मात्र माझ्या खिशात असायची. गाडी चालवायला ती माझ्या आधी शिकली होती, पण हा मुद्दा आमच्या घरात फारसा निघत नसे.

शोरूममधल्या टाय लावलेल्या माणसानं सांगितलं, "सर, इंजिन लहान आहे, एक लिटरचं. तीन सिलिंडर. पण टर्बो आहे आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे."

मी परीक्षकासारखी मान हलवली.

बायकोनं विचारलं, "म्हणजे काय?"

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी शिक्षक आहे हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, ती माझी चूक. मी म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो."

घरी गेल्यावर मी सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात इथपर्यंत माझं शास्त्र होतं. ते कधी लवकर, कधी उशिरा उघडायचं ठरवतात, हे तक्त्यावर नव्हतं.

पहिलं वर्ष गाडी शहाण्यासारखी चालली. मग माझ्या साळ्याचं तिच्याकडं लक्ष गेलं. साळा हिंगोलीत फरशीचं दुकान चालवतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहतो, आणि त्याच्या दुकानात गिऱ्हाईक फारसं नसतं. त्यामुळे त्याचा अभ्यास दांडगा.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या गाडीत लई ताकद हाय. कंपनीनं बांधून ठेवलीय."

"काहून?"

"ते कंपनीला विचारा. पण सोडवता येती. रीमॅप म्हणतात त्याला. स्टेज वन."

स्टेज टू काय असते, हे विचारायचं मी टाळलं. पण आपल्या मालकीची काही ताकद कुणीतरी बांधून ठेवलीय, हे ऐकल्यापासून मला झोप लागेना. माणूस पन्नाशीला आला की असल्या बातमीवर लवकर विश्वास ठेवतो.

एका रविवारी आम्ही नांदेडला गेलो. काळ्या काचांचं दुकान, आत गार हवा, भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांची चित्रं. तिथल्या माणसानं स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि टाइप करायला लागला. ना पाना, ना स्क्रू, हाताला तेल नाही. चहा संपेस्तोवर काम झालं.

मी विचारलं, "काय बदललं?"

"मॅप."

"कशाचा?"

"इंजिनचा. टर्बो हवा आत कोंबतो, त्याचं प्रेशर वाढवलं, स्पार्क थोडा आधी घेतला, व्हॉल्व्हचं टायमिंग पण जरा सरकवलं."

मी पुन्हा परीक्षकासारखी मान हलवली. ती मान मला चांगलीच सवयीची झाली होती.

त्यानं विचारलं, "पेट्रोल भारीतलं टाकता ना? जास्त ऑक्टेनचं?"

"व्हय, तेच टाकतो," साळ्यानं मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं. आमच्याकडं पंपावर पेट्रोलचे दोनच प्रकार मिळतात. एक आहे आणि एक उद्या येणार आहे.

मग हवेचा बंद डबा काढून तिथं भूछत्रासारखा लाल फिल्टर बसवला. त्यानं इंजिन जास्त श्वास घेतं म्हणे. पुढं साळ्यानं ऑइलही स्वतः बदललं. कंपनीचं ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, टर्बोला जाड लागतं, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. त्याच्या घरी ट्रॅक्टरचं ऑइल उरलेलं होतं. चांगलं जाड होतं.

खोटं कशाला सांगू, नांदेडहून येताना गाडी पळाली. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. पाय काढला की लाल भूछत्र फुस्स करायचं. मी मुद्दाम पाय ठेवायचो आणि काढायचो. घरी येईस्तोवर मी पंचवीस वर्षांचा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी कळलं की ही ताकद वापरायला जागा लागते. आमच्या रस्त्यावर दोन गतिरोधकांच्या मध्ये जेवढी जागा असते तेवढ्यात टर्बो जागा होतो, आणि तो जागा होईस्तोवर पुढचा गतिरोधक येतो. गतिरोधक नसला तर सोयाबीनची ट्रॉली असते. ट्रॉली नसली तर खड्डा. एकदा मोकळा तुकडा सापडला म्हणून मी जोर लावला, तर बाजूनं गोरेगावची जीप सरळ पुढं गेली. आत माणसं कोंबलेली, मागं दोघं लटकलेले, टपावर खताच्या गोण्या. जीपवाल्याला प्रत्येक खड्ड्याचा पत्ता पाठ होता. माझ्याकडं फक्त ताकद होती.

बायको शेजारी बसलेली होती. ती म्हणाली, "माझी जीप हीच होती. बराबर टायमाला पोचायची."

पुढं दोन-तीन महिन्यांनी सकाळी गाडी चालू केली की इंजिनातून खडखड यायला लागली. दोन-चार सेकंद यायची आणि थांबायची. मी साळ्याला फोन केला. तो म्हणाला, "रेसिंगच्या गाड्यांचा आवाज असाच असतो, दाजी." मग समोरचा पिवळा दिवा लागला. त्यावर तो म्हणाला, "ते सेन्सरचं असतं. काळी पट्टी लावून टाका." मी लावली. इथं माझ्या पदव्यांचा उल्लेख करत नाही.

बायकोनं पट्टी पाहिली. "थर्मामीटर फडक्यात गुंडाळला म्हणजे ताप उतरतो काय?" एवढंच बोलली. कंपनीच्या वर्कशॉपात न्यावी तर त्यांनी वायर जोडताच रीमॅप दिसला असता आणि वॉरंटी गेली असती. स्वतःहून पकडलं जायला कोण जातं?

मग लसीकरणाचा दिवस आला. बायकोच्या मांडीवर लसीचा निळा डबा होता, आत बर्फाच्या पिशव्या. गावात लेकरं घेऊन बाया बसलेल्या असणार होत्या. गोरेगाव अजून बरंच लांब होतं, तेवढ्यात गाडीनं एक हिसका दिला आणि तिचा जीव गेला. बंद पडली नाही, पण कितीही पाय दाबा, बैलगाडीच्या वर जाईना. सायकलवाल्यानं मागं वळून पाहिलं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"जरा गरम झाली असंल."

"थंडीत?"

मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आत पाहिलं. आत इंजिन होतं. याहून जास्त मला काही सांगता आलं नसतं.

बायको डबा घेऊन उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळानं जीप आली. ड्रायव्हरनं तिला पाहताच पुढच्या सीटवरच्या दोघांना मागं धाडलं. "बसा सिस्टर. लई दिवसांनी." ती बसली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमी हिचं बघा. माझी लेकरं ताटकळली असतील." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती कामाला निघालेली होती.

मला ओढायला एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थांबला. ट्रॅक्टर माझ्या नोकरीपेक्षा जुना असावा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"नवी दिसती, सर."

"व्हय."

"मंग?"

"ताकद वाढवून घेतलीय."

"मंग दोरी घट्ट बांधावी लागंल," तो म्हणाला आणि बांधायला लागला.

सेनगावात शिरताना महाविद्यालयाचं फाटक लागतं. सुट्टी झालेली होती. माझ्या वर्गातली सगळी मुलं-मुली फाटकाशी उभी होती. त्यांनी अत्यंत आदरानं मला नमस्कार केला. मी स्टिअरिंग धरून तो स्वीकारला.

हिंगोली रोडला एका मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. मिस्त्रींची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी हे शेड टाकलं. त्यांनी बॉनेट उघडलं, लाल भूछत्राकडं बघितलं. मग ऑइलची पट्टी ओढून दोन बोटांत ऑइल चोळलं.

"सर, हे कोणतं ऑइल?"

"ट्रॅक्टरचं."

"आन् गाडी?"

त्यांनी इंजिनच्या वरच्या बाजूला दोन बोल्ट काढून अंगठ्याएवढी एक वस्तू बाहेर काढली. तिला बारीक जाळी होती आणि जाळी डांबरासारख्या काळ्या राडीनं गच्च भरलेली होती.

"हे तुमचं दुखणं," ते म्हणाले. "ह्या गाडीत वाल, म्हंजे तुमचे व्हॉल्व्ह, कधी उघडायचे ते पुढं-मागं होतं. ते पुढं-मागं करतं ऑइलचं प्रेशर. ऑइल ह्या जाळीतून जातं. तुमी जाड ऑइल टाकलं, वरून टर्बोचा दाब वाढवला. उष्णता वाढली, ऑइल जळलं, राड झाली. आता काँप्युटर म्हणतो वाल सरकव, वाल काही सरकत न्हाई. मंग काँप्युटरनं हात वर केले आन् गाडी हळू करून टाकली. सकाळी खडखड करत असंल?"

"करायची."

"दिवा?"

मी काळी पट्टी काढून दिली. त्यांनी ती बघून ठेवून दिली.

"सर, तुमी हेच शिकवता ना पोरांला?"

या प्रश्नात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मला हे माहीत असणार. मी बावीस वर्षं लोकांना असंच वाटू दिलं होतं. त्या दिवशी मान हलवायची फार इच्छा झाली, पण मी म्हणालो, "काका, मी अजून व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला नाही."

ते हसले नाहीत. फळीवरच्या डब्यातून एक जुना व्हॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. लांब दांडा आणि खाली गोल चकती. पितळी समईच्या खांबासारखा दिसत होता आणि वाटलं होतं त्याहून बराच हलका होता. तक्त्यात तो लाल होता. खरा राखाडी असतो.

मिस्त्रींनी तीन दिवसांत जाळी साफ केली, ऑइल दोनदा बदललं, हवेचा जुना डबा परत बसवला. सोडवलेली ताकद परत बांधायला मी एकटाच नांदेडला गेलो. लॅपटॉपवाल्यानं विचारलं, "सर, आवडलं नाही का?" मी सांगितलं, घरच्यांना झेपत नाही. खरं सांगायची हिंमत एका आठवड्यात एकदाच येते. साळ्याला कळल्यावर तो हळहळला. त्याच्या मते मी स्टेज टूला न गेल्यामुळं हे झालं.

त्या वर्षी इंजिनाचा धडा आला तेव्हा मी मिस्त्रींना वर्गावर बोलावलं. प्राचार्यांना विचारलं तर त्यांनी मिस्त्रींची पदवी विचारली. मी सांगितलं, अनुभवी तज्ज्ञ आहेत. हा शब्द आमच्याकडं कुठंही चालतो. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवीत व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, काही व्हॉल्व्ह आणि ती जाळी घेऊन आले. पहिल्यांदा ते दारातच घुटमळले. "सर, माझं शिक्षण नववी," असं हळूच म्हणाले. मी त्यांना पुढं पाठवलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसलो.

त्यांनी सगळ्या वस्तू बाकांवरून फिरवल्या. मुलांनी हात काळे करून घेतले. ते सांगत होते की इंजिन जोरात फिरायला लागलं की हवा आत घ्यायचा वाल थोडा उशिरा मिटवायचा. तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गोरेगावहून जीपनं यायची, वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"काका, पिस्टन वर यायला लागला आन् वाल उघडाच राहिला, तर आत आलेली हवा परत बाहेर न्हाई का जाणार?"

मी बाकावर सरसावून बसलो, कारण उत्तर मलाही हवं होतं.

मिस्त्री खूश झाले. "जाती. गाडी हळू असली तर जाती, म्हणून तवा लवकर मिटवायचा. पण जोरात असली की येणारी हवा वेगात असती. जीप भरली तरी मागून रेटा असतो, आणखी दोघं आत शिरतातच का न्हाई? तसं. पिस्टन वर निघाला तरी ती शिरत राहती. तेवढी शिरू द्यायची आन् मंग दार लावायचं. जुन्या इंजिनात दार एकाच टायमाला लागायचं, हळू असो की जोरात. ह्या नव्यात टाइम बदलता येतो. बस, एवढंच हाय."

मुलीनं मान हलवली. ती समजल्याची मान होती, मला त्यातला फरक चांगला कळतो. मग आणखी चौघांनी हात वर केले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, आणि पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन थांबले. मी त्यांना शेजारी बसायला जागा करून दिली.